खंडेनवमीला मांडलेला कॉम्प्युटर

“विचारायचं काय त्यात? घरातलीच वस्तू, बहिणीच्याच घरी जातीय,” विश्वजितनं बायकोला पुन्हा तेच सांगितलं.

“वस्तू माझी आहे,” प्रांजल म्हणाली. “मिरजेत दवाखान्याच्या भंगारात निघाली, तेव्हा मी आणली. एसटीत मांडीवर घेऊन.”

“मांडीवर आणली म्हणजे दत्तक घेतलीस काय?”

प्रांजलनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

शिलाई मशिनच्या पेटीएवढा कॉम्प्युटर होता तो. वर धरायला मूठ, आणि उचलावा तर भरल्या घागरीचं वजन. पेटीचं झाकण सोडवलं की त्याच्याच आत कीबोर्ड. समोर पोस्टकार्डाहून थोडा मोठा पडदा. कुणी परदेशी डॉक्टर मागं टाकून गेला होता म्हणे. असलं ध्यान सांगलीत दुसरं नसावं. प्रांजल त्याच दवाखान्यात टायपिस्ट होती. बाकीच्यांनी मुठीला धरून बघितलं, हसले आणि सोडून दिलं. तिनं मात्र आत काय असेल याचा विचार केला.

हा विचार तिला लहानपणापासूनच महागात पडलेला. शिराळ्याला माहेरी गजराचं घड्याळ उघडलं म्हणून वडिलांनी बदडलं होतं. घड्याळ परत चालू झालं, तरी बदडलं. पुढं आयटीआयत रेडिओच्या कोर्सला नाव घातलं, तर लग्न ठरलं आणि नाव निघालं. तेव्हा ती गप्प बसली होती.

आता जुन्या चादरीवर त्या पेटीचं पोट उघडं पडलं होतं. स्क्रू हरवू नयेत म्हणून मिसळणाचा डबा रिकामा करून घेतला होता: मोहरीच्या वाटीत बारके, जिऱ्याच्या वाटीत लांब. आतल्या बॅटरीनं हिरवं ओकून एक तार खाल्ली होती, हे तिनं शोधलं होतं. पण वरच्या हिरव्या सर्किटच्या पाटीखाली आणखी एक पाटी होती, चांदणीच्या डोक्याच्या स्क्रूंनी आवळलेली. तिथवर ती पोचली, आणि विश्वजितनं सांगितलं की संध्याकाळी दाजी न्यायला येतायत.

दाजी म्हणजे लालासाहेब, विश्वजितच्या बहिणीचे यजमान. दसऱ्याच्या मुहूर्तावर तासगावात कॉम्प्युटर क्लास काढणार होते आणि कॉम्प्युटरच आले नव्हते. दर्शनी टेबलावर काहीतरी दिसायला हवं. विश्वजितनं शब्द देऊन टाकला होता.

“बंद असेना का, दिसतंय तर कॉम्प्युटरसारखं. स्क्रू आवळ आणि दे,” तो म्हणाला.

“म्हणजे मी आवळायचे, आणि दाजींनी त्याला हार घालायचा.”

“तू काय करणार आहेस त्याचं? चूल पेटवणार?”

“चालू करणार.”

तो हसला. प्रांजल उठून मोरीवर गेली. तिथं उभं राहून तिनं तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. परत आली तर सासू, बनाबाई, चादरीपाशी बसलेली. पुढ्यात पूजेचं ताट. मूळची म्हसवडकडची माणसं. मेंढरं गेली तरी लोकर कातरायची कातर दर खंडेनवमीला पाटावर निघायची. आज त्या कातरीशेजारी कोयता, विळी, विश्वजितचा पाना मांडून झाला होता, आणि आता बनाबाईनं उघड्या कॉम्प्युटरवर, थेट हिरव्या पाटीवर, हळदीकुंकवाची बोटं टेकवली होती.

“आत्या, अहो काय केलंत?” प्रांजलचा आवाज चढला. “पाणी लावलंत का त्याला?”

“कोरडंच हाय. न्हाऊ घालाय न्हाई बसले त्याला,” बनाबाई म्हणाली. “तुजं हत्यार हाय न्हवं? मग मांडाय नको?”

प्रांजलनं वाकून बघितलं. कोरडी पूड, ब्रशनं निघाली असती. राग तिथल्या तिथं अडकला. या घरात त्या पेटीला कुणी हत्यार म्हटलं नव्हतं.

“बरं, झाली पूजा,” विश्वजित वाकला. “दे इकडं, मीच आवळतो.”

“हात लावू नगंस,” बनाबाई म्हणाली. “मांडल्यालं हत्यार दसऱ्याबिगर उचलत न्हाईत.”

“आये, दाजी येतायत.”

“येऊ देत. च्या पिऊन जातील.”

“ह्यो काय कोयता हाय व्हय?”

“मग तुजा टेम्पो तरी काय कोयता हाय? काढ की भाईर. सकाळधरनं हार घालून हुबा केलायस, दोन भाडी परत लावलीस.”

विश्वजितनं बाहेर बघितलं. दारात झेंडूच्या हारातला टेम्पो उभा होता. त्यानं आईकडं बघितलं, मग बायकोकडं.

“दाजींना मी काय सांगू?”

प्रांजलनं मिसळणाच्या डब्याला झाकण लावलं आणि तो पाटावर कातरीशेजारी ठेवला.

“तासगावला काही जाणार नाही म्हणून सांगा,” ती म्हणाली. “आजही नाही, उद्याही नाही. उद्या पूजा उतरली की मी खालची पाटी उघडणार आहे. जेवण दुपारनंतर मिळेल.”