अकोल्याच्या पत्रकातली ओळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भाषणं मात्र ढीगभर केली — व्यसन लपवू नका, लाज सोडा! याच तोंडाने.

मी व्यसनमुक्तीची पत्रकं लिहिते. दोन वेगळी. अकोल्यासाठी दुखण्याच्या गोळ्यांच्या नशेवर, अमरावतीसाठी दारूवर. कारण उपचाराला येणारे तसंच सांगायचे — तिकडचे गोळ्या, इकडचे दारू. लोक खरं सांगतात का, हे मी कधी तपासलं? नाही. उलट अकोल्याच्या सभेत ठणकावून सांगून आले होते — आमच्या अमरावतीत गोळ्यांचं हे विष नाही!

आणि मग अमरावतीजवळच्या वलगावचा गजूदादा, माझा चुलतभाऊ. भाजीचा मळा, पाठीवर फवारणीचा पंप, त्या पाठीसाठी गोळ्या. आधी एक, मग मूठभर.

वहिनी आणि मी त्याला अमरावतीच्या केंद्रात घेऊन गेलो. दारातच मी बजावलं, दारूच सांगायचं.

"काहून, ताई?" वहिनी म्हणाली. "खरं सांगाले काय होते?"

दादा थरथरत होता, तरी हसला. "मले तं दारूचा वासबी सोसत नाही वं. सोताच्या लग्नात पेलो नाही, आता फुकटात बेवडा करतं काय मले?"

"बेवड्याले गाव माफ करते, दादा. गोळीवाल्याले नाही करत."

गावाचं नाव मी पुढे केलं. खरं तर — माझं पत्रक खोटं पडलं असतं. डॉक्टरांनी विचारलं, उत्तर मी दिलं. दारू. त्या दोघांनी माना डोलावल्या. शिकलेली मी होते ना!

दादा सुटला. केंद्रात गोळी मिळालीच नाही, खरंच सुटला. घरी आला, मळ्यात गेला, पाठ भरून आली. त्याने पूर्वीइतकीच मूठ घेतली. सकाळी उठलाच नाही.

गोळ्या सुटलेल्या शरीराला जुनी मूठ मारते — गोळीवाल्याला हे निघताना निक्षून सांगतात. दारूवाल्याला कशाला सांगतील? आणि मला माहीत नव्हतं? ती ओळ माझीच आहे, ठळक अक्षरांत, अकोल्याच्या पत्रकात. फक्त अकोल्याच्या. दादा घरी आला त्या दिवशी तो गठ्ठा माझ्या पिशवीत होता, त्याच्याच ओसरीवर. मी काढला नाही — शेजारपाजारचे लोक जमले होते.

अमरावतीचं पत्रक आजही दारूवरच आहे. वलगावात म्हणतात, गजू दारूनं गेला. वहिनी अजून मला बोलावून जेवू घालते. अशी ओळ होती, हे तिला माहीत नाही.

मी जेवते.