झाकणाच्या लॉकवरचं चुंबक

हे मी घरात बोललो नाही, ऑफिसात नाही, आईजवळही नाही. लिहायला बसलो तरी सुरुवात कुठून करावी हे कळत नाही – कारण मी नेमकं काय केलं, हेच मला कधीकधी नीट सांगता येत नाही.

वसई पूर्वेच्या एका कारखान्यात मी मशीनचं डिझाइन करतो. मोठ्या लाँड्रीत धुतलेल्या चादरी जाळीच्या ड्रममध्ये घालून गरगर फिरवतात आणि पाणी काढतात, ते मशीन. लाँड्रीवाले त्याला हायड्रो म्हणतात. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेतून आलेल्या मला कारखान्याच्या शेठनी पहिल्याच वर्षी नवीन हायड्रोचं काम दिलं. त्या उपकाराची जाण मला आजही आहे. पण उपकाराचा आणि पुढच्या गोष्टीचा संबंध होता का? की मी तो नंतर जोडला?

माझा ड्रम जुन्यापेक्षा जोरात फिरे, चादरी जवळजवळ कोरड्या निघत. पहिलं मशीन हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत बसवलं. ते चालवायच्या हिराताई – नायगावच्या, पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी मशीन हादरायला लागलं तेव्हा म्हणाल्या, "काय ओ भाऊ, याला हलद लागली काय? कसा नाचतोय बघा! पानी राहू द्या, आधी याचं लगीन लावा." सगळी लाँड्री हसली. मीही हसलो.

त्या हादऱ्यानेच घोटाळा केला. झाकण बंद असेल तरच मशीन फिरावं म्हणून झाकणात एक चुंबक असतं आणि खाली ते ओळखणारा सेन्सर – हेच त्याचं लॉक. हादऱ्याने झाकण किंचित उचललं जाई, सेन्सरला ते उघडं वाटे, मशीन बंद. त्या एका दिवसात वीस वेळा. दुसऱ्या दिवशी शेठ एका मोठ्या गिऱ्हाइकाला मशीन दाखवायला आणणार होते.

मी एक सुटं चुंबक घेतलं आणि थेट सेन्सरवर चिकटवलं. आता झाकण उघडं असो वा बंद, मशीन फिरणारच. चिकटपट्टी हिराताईंनीच दाताने तोडून माझ्या हातात दिली. मी म्हणालो, दोन दिवस असंच चालवा, मी येऊन लॉक बदलतो.

गेलो नाही. का गेलो नाही? ऑर्डर मिळाली, कौतुक झालं, दुसरं काम आलं – ही कारणं खरी आहेत. पण मी विसरलो होतो असं म्हणू शकत नाही. वालीवकडे जाताना त्या लाँड्रीचा फाटा लागायचा, आणि मी दुसरीकडे बघायचो.

पाचव्या आठवड्यात हिराताईंनी घाईत झाकण उघडलं. ड्रम अजून फिरत होता. बाहेर लोंबणारं चादरीचं टोक त्यांच्या मनगटाला गुंडाळलं गेलं. उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

आठ दिवसांनी लाँड्रीच्या मालकांनी सगळ्यांना बसवलं. शेठ होते, मी होतो, हात गळ्यात बांधलेल्या हिराताई समोरच्या स्टुलावर. मालकांनी विचारलं, हे चुंबक कोणी लावलं?

मी म्हणालो, "कामगार करतात असं. घाई असते त्यांना."

वाक्य खोटं नव्हतं. कामगार करतात असं, मी पाहिलं आहे. कित्येक वर्षं मी या वाक्याला धरून बसलो – पण प्रश्न कामगार काय करतात हा नव्हताच ना? ते चुंबक मी लावलं होतं. मी.

हिराताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, काय ते मला अजून उमगलेलं नाही. मग म्हणाल्या, "असंल. माज्याच हातून झालं असंल." का म्हणाल्या? साहेबाच्या शब्दापुढे आपलं कोण ऐकणार, असं वाटलं? की मी आत्ता बोलेन, आत्ता बोलेन, म्हणून मला वेळ देत होत्या? मी चहाचा कप उचलला.

नियम मोडला म्हणून त्यांना कामावर परत घेतलं नाही. हात सरळ झाला, पण मूठ पुरती वळत नाही.

त्यानंतर मी ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय उघडतच नाही असं झाकण बनवलं. आता आमच्या प्रत्येक मशीनवर तेच असतं. शेठ नव्या मुलांना सांगतात, याला कामगारांची काळजी आहे, शिका. मी मान खाली घालतो. त्यांना तो नम्रपणा वाटतो.

गेल्या महिन्यात हिराताई बाजारात दिसल्या. त्यांनीच हाक मारली. "भाऊ, वालला की रं तू, जेवत नाय काय!" असं म्हणून माझ्या मुलीची चौकशी केली, डाव्या हाताने पिशवी सावरली. मी दहा मिनिटं उभा होतो. पावसाबद्दल बोललो, भाजीबद्दल बोललो.

तुम्हाला सांगितलं. चूक माझी होती, हे हिराताईंना अजून म्हटलेलं नाही.