फरशीवर फरशी

महादेवराव आमचे खालच्या मजल्यावरचे भाडेकरू, चौदा वर्षांपासूनचे. जन्मभर कळमन्याच्या धान्यबाजारात मापारी होते. शुगरनं डोळे गेले, तरी मूठभर तूर तळहातावर घेऊन जुनी की नवी ते बरोब्बर सांगत. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरात तर त्यांना काठीही लागत नसे. पलंगापासून मोरी नऊ पावलं, मग एक पायरी खाली, की नळ. यांना दिसत नाही हे नवख्या माणसाला पटायचंच नाही.

आणि मी घरमालकीण, नीला. माझा मुलगा अनिश पुण्याहून परत येतो म्हणत होता, त्याला खालची जागा हवी होती. सरळ सांगायचं ना! पण ज्यांच्या घरून प्रत्येक सणाला ताट वर आलं, त्यांना ‘जागा खाली करा’ म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून भर मे महिन्यात मी खाली फरशीचं काम काढलं. धुळीला, आवाजाला कंटाळतील, आपणहून जातील, असं मनात धरलं. मेला असला भित्रेपणा!

ते कुठले जातात! त्यांची बायको रंभाबाई मिस्त्रीला रोज ताक द्यायला लागली. वर मलाच म्हणायची, "आमच्यासाठी किती करून राहिल्या ताई तुम्ही." मला तिच्याकडे बघवत नसे.

जुनी फरशी उखडायला नको, वरूनच नवी बसवू, असं मिस्त्री म्हणाला. मी हो म्हटलं. खोली दोन बोटं उंच झाली आणि मोरीची पायरी तेवढीच खोल. माझ्या मेलीच्या हे डोक्यातच आलं नाही. फरशी बसली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवराव नऊ पावलं मोजून मोरीत पडले. खुब्याचं हाड मोडलं.

मी दवाखान्यात गेले ती सगळं कबूल करायचं ठरवूनच. त्यांनी पावलांवरून मला ओळखलं.

"नीलाबाई, नवी फरशी तं नाई ना फुटली?"

मला रडूच कोसळलं. म्हटलं, "फरशीला आग लागो! तुम्ही लवकर बरे होऊन घरी या."

"नाई वं बाई. आता नरखेडले पोरीकडंच राहू."

"असं का म्हणता हो?"

"त्या घरात मले सारं दिसे," ते म्हणाले. "आता नाई दिसत."

मला हवी होती ती जागा अशी मोकळी झाली. कबुली मात्र मी अजून दिलेली नाही.