बाजूला ओढलेली काटी

मुलगा नोकरीसाठी फ्रान्सला गेला आणि तिथे त्याला सायकलचं वेड लागलं. दर रविवारी तो आम्हाला व्हिडिओ पाठवायचा. कालव्याकाठची खडीची वाट, द्राक्षांचे मळे, रूळ काढून टाकलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरचा कच्चा रस्ता. तासभर चालवलं तरी एक मोटार आडवी येत नाही, असं तो मोठ्या कौतुकाने सांगायचा. बायको म्हणायची, "किती छान ना!" आणि माझ्या पोटात दुखायचं. पोटच्या पोराचं सुख बघून जळणारा बाप मी, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगणं जरा सोपं जाईल.

मी जळगावला कॉलेजात भूगोल शिकवतो. पन्नाशी उलटल्यावर मीही तशीच सायकल घेतली, जाड टायरची, खडी-मातीवर चालणारी. बायको धुळ्याची, जिभेने तिखट. "नवी सूनच आणलीत की," ती म्हणाली, "ओवाळू का हिला?" मग तिच्या माहेरी सायकलवर जाऊन दाखवतो, अशी फुशारकी मारून मी एका सकाळी धुळ्याच्या हायवेला लागलो. पाळधी यायच्या आतच एका ट्रकने अशी हूल दिली की मी सायकलसकट साइडपट्टीच्या खाली गेलो. तिथून निमूट घरी आलो. धुळ्याचं नाव त्यानंतर काढलं नाही.

मग मी मोटारी नसलेली वाट शोधू लागलो आणि ती मला घराजवळच सापडली. मेहरूणच्या आमच्या घरून भल्या सकाळी निघायचं, असोद्याच्या अलीकडे डांबर सोडायचं आणि शिवारात शिरायचं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधून बैलगाडीपुरती वाट, कडेने पाट. मोटरसायकलसुद्धा क्वचित दिसायची. पहिल्या दिवशी मी तिथे एकटाच मोठ्याने हसलो होतो.

त्या वाटेच्या तोंडाशी काटी असायची. बाभळीची वाळलेली मोठी फांदी, वाटेवर आडवी टाकलेली. आमच्याकडे काटी आडवी असली म्हणजे फाटक बंद. कुलूप नसतं, पाटी नसते. ज्याला जायचं त्याने ती ओढायची, आत जायचं आणि पुन्हा जागेवर लावायची. पलीकडची पहिली बाग ज्यांची, ते आबा सत्तरीचे होते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सर, जा ना भो, बिनघोर जा. पन मांघे काटी लावून देत जा. टिश्यू कल्चरची रोपं हायेत, महिनाभराची." मी महिनाभर इमानाने काटी लावत होतो. परतताना आबा मला त्यांच्या जुन्या बागेतली, झाडावर पिकलेली केळी द्यायचे आणि मी ती सायकलच्या पिशवीत घालून ऐटीत घरी न्यायचो.

काटीच्या अलीकडे आबांचंच कपाशीचं रान होतं. वेचणी संपलेली. तिथे दर हिवाळ्यात एक मेंढपाळ आपली मेंढरं घेऊन उतरायचा, धुळ्याच्या पुढून, साक्रीकडून यायचा. मेंढरं कपाशीचा पाला खायची, रात्री त्याच रानात बसायची आणि आबांच्या जमिनीला खत मिळायचं. हे त्याच्या बापाच्या वेळेपासून चालत आलेलं. सकाळी तो आणि आबा बांधावर बसून चहा प्यायचे. मी तिसरा कप घ्यायला थांबायचो. त्याच्याशी मी फारसं बोललो नाही. काय बोलायचं, असं मला वाटायचं. आता त्याचीही लाज वाटते.

एका सकाळी मी व्हिडिओ काढायचं ठरवलं. पोराला दाखवायचं होतं की तुझं फ्रान्स राहू दे, हे बघ आमचं असोदा. मोबाइल हँडलला बांधला. पण सुरुवातीलाच ती काटी. चित्रात ती फारच गावंढळ दिसत होती, शिवाय टायरची धास्ती. मी ती ओढून पार बाजूला, पाटाच्या कडेला नेऊन टाकली आणि डामडौलात बागेत शिरलो. चित्रीकरण इतकं सुंदर झालं की मी त्याच धुंदीत दुसऱ्या वाटेने गावातून घरी गेलो. काटीची आठवणही आली नाही. घरी जाऊन व्हिडिओ मुलाला पाठवला आणि खाली लिहिलं, "एकही गाडी नाही, एकही अडथळा नाही."

दुसऱ्या दिवशी गेलो तर वाटेच्या तोंडाशी पाच-सात माणसं उभी होती. आदल्या दिवशी मेंढरं केळीत शिरली होती. मेंढपाळ पाटावर पाणी भरत होता, काटी आहे म्हणून निर्धास्त होता. तो धावत येईपर्यंत कितीतरी ओळी भुईसपाट झाल्या होत्या. कोवळी रोपं शेंड्यापासून खाल्लेली, उरलेली खुरांनी तुडवलेली.

"काटी मी काढेल नही शे, आबा," मेंढपाळ सांगत होता. "मन्या मेंढ्या काटीना अलीकडेच व्हत्यात." त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो तेच तेच सांगत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. यानेच चाऱ्यासाठी काटी सारली असणार, असं दोघं-तिघं म्हणाले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमी काल सकायी इथून गेल्ते ना. काटी होती का जागेवर?"

सगळे वळले. कॉलेजचे सर काय सांगतात ते खरं, अशा नजरेने वळले. मला तोंड उघडायचं होतं, शपथ घेऊन सांगतो. पण तोंडातून आलं ते असं, "मी नीट पाहिलं नाही आबा. मी तर रोज लावूनच जातो."

मेंढपाळाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पागोटं सारखं केलं. त्याच दुपारी त्याने घोड्यावर बिऱ्हाड लादलं आणि मेंढरं पश्चिमेला वळवली. हे मला नंतर गावातून कळलं. ऐन हिवाळ्यात ठरलेलं रान सोडून तो कुठे उतरला असेल, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

रविवारी मुलाचा निरोप आला. "बाबा, झकास वाट! पण सुरुवातीला डावीकडे काट्यांचा ढीग दिसतोय, ते फाटक होतं का? इथे कुरणातून जाताना प्रत्येक फाटक उतरून उघडायचं आणि मागे लावायचं, नाहीतर शेतकरी फाडून खातात."

मी लिहिलं, "कचरा आहे तो." मग व्हिडिओ पुसून टाकला. मोबाइल पालथा ठेवला.

त्यानंतर तीन आठवडे मी असोद्याकडे गेलोच नाही. मेहरूण तलावाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत राहिलो. बायकोने विचारलं, केळी बंद झाली का? तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती टोमणा मारेल असं वाटलं होतं. मारला असता तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "मग अजून घरात काय बसलात?"

मी चालत जायला हवं होतं, पण सायकलवरच गेलो. काटी जागेवर होती. ती सारली, आत गेलो, पुन्हा लावली. हाताला ओरखडा आला. आबा एकटेच बागेत वाकून, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं लावत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. काटी मी ओढली, मी लावली नाही, आणि त्या दिवशी खोटं बोललो.

आबांनी हातातलं रोप खड्ड्यात ठेवलं आणि माती दाबली.

"मले तवाच मालूम पडलं होतं," ते म्हणाले. "पाटाजवळ ओल होती. काटी ओढल्याच्या खुनेवरून तुमच्या चाकाची नक्षी गेल्ती. अशी नक्षी इथं दुसऱ्या कोनाची हाये?"

मी विचारलं, "आबा, ठाऊक होतं तर त्याला का जाऊ दिलंत?"

ते मान वर न करता बोलले, आणि मला दिसलं की लाज त्यांनाही वाटत होती.

"त्याले जाय म्हनता येतं, सर. तुमाले कसं म्हनू?"

एवढं म्हणून त्यांनी दुसरं रोप उचललं. मी त्यांच्या शेजारी मातीत बसलो आणि खड्डे करू लागलो. ऊन चढेपर्यंत आम्ही दोघं रोपं लावत राहिलो. काटीपलीकडचं कपाशीचं रान रिकामं होतं.