रुबिनाचा बारीकसा दिवा

ही फजिती मीच सांगून टाकतो, नाहीतर वडिवळ्याचा शेतकरी बाळूभाऊ सांगेल, आणि तो तिखटमीठ लावल्याशिवाय राहायचा नाही.

कामशेतला माझं तांदळाचं दुकान. लेक रुबिना तळेगावच्या कारखान्यात लागली तेव्हा मीच तोंड वाकडं केलं होतं. आता? गिऱ्हाइकाला तांदूळ नंतर, आधी रुबिनाचं कौतुक! ती भिंगाखाली एलईडी तपासते. घरातले बल्ब नव्हेत हो. कणीपेक्षाही बारीक दिवे! गाडीतले आकडे उजळवणारे, घड्याळाच्या पाठीतून मनगटाची नाडी मोजणारे. डाग पडला म्हणून बाद झालेला एक दिवा तिने साहेबांना विचारून मला डबीत घालून दिला होता.

त्या दिवशी बाळूभाऊ नव्या इंद्रायणी तांदळाचा नमुना घेऊन आला. त्याच्या लेकीला, सारिकालाही त्याच कारखान्यात जायचं होतं, आणि हा महिनाभर अडून बसलेला. म्हटलं, आज याला पटवायचंच. मी डबी उघडली आणि नेमकी शिंक आली.

डबी रिकामी! बाळूभाऊ पिशवीची गाठ सोडत होता, तेवढ्यात मी टेबल चाचपलं. पांढरं, बारीक काहीतरी हाताला लागलं. हुश्श म्हणून ते डबीत ठेवलं.

"हे बघा, आमच्या रुबिनाचं काम."

त्याने डबी डोळ्यांजवळ नेली. "मुनीरभाई, ही कणी हाय."

"तीस वर्षं कणी निवडतोय मी. मला शिकवता?"

"मंग पेटवून दावा."

बॅटरीतला सेल काढला, दोन तारा टेकवल्या. ढिम्म! "कारखान्याचा माल आहे, त्याला करंट मोजूनमापून लागतो," मी ठोकून दिलं.

बाळूभाऊने ते बोटावर घेतलं, तोंडात टाकलं आणि चावलं.

"अहो थुंका! आत केमिकल असतं!"

तो निवांत चावत राहिला. "इंद्रायणीच हाय. लय ग्वाड."

पहिली पाळी संपवून रुबिना तेवढ्यात दारात आली. "अब्बा, चेहरा का उतरलाय?"

"तुझा दिवा हरवला गं माझ्याकडून." पोरीने विश्वासाने दिलेली वस्तू, आणि मी ती शिंकेत उडवली.

तिने माझा चेहरा निरखला. मग म्हणाली, "हलू नका." जवळ येऊन तिने दोन बोटांनी माझ्या दाढीतून काहीतरी अलगद उचललं. बॅटरीतला दुसरा सेल काढून पहिल्याला जोडला, तारा टेकवल्या. टेबलावर निळा ठिपका लख्ख पेटला.

माझी छाती अशी फुगली, जसा काही तो दिवा मीच बनवला होता. "बघितलं?" मी बाळूभाऊला म्हणालो.

त्याने वाकून तो ठिपका नीट न्याहाळला. "रुबिना, सोमवारी सारिकाला तुज्यासंगं घिऊन जा."

जिंकलो! मी खुशीत नमुन्याच्या पिशवीत हात घालायला गेलो. बाळूभाऊने पिशवी मागे ओढली आणि रुबिनापुढे धरली.

"ऱ्हाऊ द्या, मुनीरभाई. तांदूळ आता ही बगंल."