गल्लीतला पहिला टीव्ही आज देऊन टाकला

मंडळी, आज सकाळी आईला घेऊन आपल्या भागातल्या ई-कचरा केंद्रावर गेले होते. सोबत आमचा लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. वडील अंबडला कंपनीत होते, तेव्हा ऐंशीच्या दशकात त्यांनी तो बोनस मिळाल्यावर घेतला होता. गल्लीतला पहिलाच!

केंद्रावरचा माणूस तो उचलायला आला, तर मलाच सोडवेना. म्हटलं, "आई, शनिवारचा सिनेमा आठवतो? अख्खी गल्ली आपल्या घरात. काय मजा यायची!"

"तुम्हाला यायची," आई शांतपणे म्हणाली. "मी आत पोळ्या लाटत असायचे, नाहीतर चहा. एक सिनेमा पुरता पाहिला नाही मी. शेवट काय झाला, ते तुम्हीच येऊन सांगायचात."

मग त्या माणसाला म्हणाली, "न्या हो भाऊ. उगाच जागा अडवून बसलाय."

परत येताना मी मनात ती टीव्हीची खोली उभी केली. त्या खोलीतले सगळे चेहरे मला अजून आठवतात. त्यात आई नाही.

तुमच्याकडेही असा टीव्ही होता ना? आज आईला विचाराल, तिनं त्यावर काय पाहिलं?