न झालेल्या कोरोनाचा काढा

आमच्या ह्यांना कोरोना कधीच झाला नाही. तरीही आमच्या गल्लीने त्यांच्यासाठी काढा उकळला, देवीला नवस बोलला आणि आमच्या दारावर सरकारी कागद चिकटला. हे सगळं माझ्यामुळे झालं, आणि तेही मी तोंडातून एक शब्द न काढता.

हे भिलाईला प्लांटमध्ये भट्टीच्या दुरुस्तीवर आहेत. तिथे क्वालिटी सर्कल असतं, म्हणजे चार कामगार एकत्र बसून आपल्याच कामातली एखादी अडचण सोडवतात आणि मग कशी सोडवली ते स्टेजवर समजावून सांगतात. ह्यांच्या चौघांनी जड झाकण उचलायचा एक जुगाड काढला, आणि तो जुगाड जिंकत जिंकत विदेशातल्या कॉन्फरन्सपर्यंत पोचला. (आता त्याला जुगाड म्हटलं की हे रागावतात.) दुर्गला गाडीत बसून नागपूरला उतरायचं, एवढाच ज्यांचा प्रवास, ते विमानाने समुद्रापार जाणार होते. पासपोर्ट झाला, लशी घेतलेल्या होत्या, व्हिसाही आला. पण कोरोना अजून पुरता गेला नव्हता. निघायच्या आधी नाकातल्या तपासणीचा रिपोर्ट निगेटिव्ह पाहिजे, नाही तर व्हिसा असून नसल्यासारखा. म्हणून साहेबांनी चौघांना बजावलं की तोवर कोणात मिसळू नका, साधी सर्दीसुद्धा नको.

ह्यांनी सुटी टाकली आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. ताट मी खिडकीतून द्यायची. नवे बूट चावू नयेत म्हणून हे दिवसभर ते घालून खोलीतल्या खोलीत फिरायचे. माणूस इतका खूश मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

सासूबाईंनी मात्र आपला एक नियम वर लावला.

"विदेशाचं नाव कोनापाशी काढू नको. नजर लागते. विमान उडलं का मंग सांगजो."

आमच्यात ही रीतच आहे. पोरीचं लग्न ठरलं तरी पत्रिका छापून येईपर्यंत आम्ही 'पाहून राहिलो' असंच म्हणतो. आणि गप्प बसायचं काम मला देणं म्हणजे माशाच्या पिल्लाला पोहायला लावणं. मी तर सुपेल्याच्या बाजारात भाव विचारायलाही शेजारच्या साहू भाभीला पुढे करते.

पहिला घोळ बाडीत, म्हणजे घरामागच्या परसात झाला. मी कांदे चिरत बसले होते. भाभींनी भिंतीवरून विचारलं, भैया दिसत नाहीत, ड्यूटीवर गेले का? मी मान हलवून नाही म्हटलं. मग घरी आहेत? हो. तब्येत बरी आहे ना? आता बरी आहे म्हटलं तर घरी का, हे सांगावं लागणार. मी खाली मान घातली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. (कांद्यांचं. पण कांदे भिंतीच्या अलीकडे होते आणि भाभी पलीकडे.)

दुसरा घोळ ह्यांनी केला. ह्यांना कॉन्फरन्समध्ये जुगाडाचा शेवटचा भाग इंग्रजीत सांगायचा होता. संध्याकाळी खोली बंद करून हे मोठ्याने पाठ करायचे. मधेच विसरायचे, कण्हायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू. आमच्या भिंती जोडून. जन्मात इंग्रजी न बोललेला माणूस बंद खोलीत इंग्रजीत ओरडतो आहे, म्हणजे ताप डोक्यात चढला, असं पलीकडे ठरलं.

राहिलेली कसर सासूबाईंनी भरून काढली. लेकाला दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी मिरच्या, मोहरी आणि मीठ ओवाळून विस्तवात टाकलं आणि भांडं नेमकं त्याच्या खिडकीखाली ठेवलं. हे असे खोकले, असे खोकले, की समोरच्या ओळीतले लोक अंगणात आले. सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "पाय, किती नजर लागली होती."

सकाळी फाटकावर काढ्याची बाटली लटकत होती. दुपारी शहाळी आली, पपईची पानं आली, कोणी तरी देवळातला अंगारा दिला. सगळे लांबून काठीने वस्तू सरकवायचे आणि हात जोडून जायचे. नको म्हणायला तोंड उघडावं लागतं, म्हणून मी सगळं घेतलं. काढा बाडीतल्या अळूला घातला. अळू असं फोफावलं की आजपर्यंत त्याला कसलाही रोग झालेला नाही.

मग एके दिवशी आमची मितानिन आली. मितानिन म्हणजे मोहल्ल्यातली आरोग्याची बाई, घरोघरी फिरते. तिच्या मागे पांढऱ्या पोशाखात डोळ्यांपर्यंत झाकलेली दोन माणसं. त्यांनी आधी दारावर कागद चिकटवला की या घरातून कोणी बाहेर पडायचं नाही, आणि मग विचारलं, पेशंट कुठे आहे.

त्याच वेळी ह्यांचा फोन वाजला. साहेब होते. बातमी प्लांटपर्यंत गेली होती. साहेबांनी सांगितलं की काळजी घ्या, जिवापेक्षा काही मोठं नाही, तुमचा भाग आम्ही दुसऱ्याला पाठ करायला दिला आहे. हे काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

हे खिडकीजवळ आले. पायात नवे बूट तसेच होते.

"अवं, सांग न त्याईले. कावून चूप हाय तू?"

"तुमच्या आईनंच तं सांगतलं, नाही सांगाचं."

ह्यांनी पलंगावर बसून बुटाची एक नाडी सोडली. मी पदर डोक्यावर घेतला आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले. सगळी गल्ली समोर. एवढ्या लोकांसमोर मी उखाणासुद्धा कधी धड घेतला नाही.

"हे बिमार नाही," मी म्हटलं. "हे विदेशात चालले. विमानानं. इंग्रजीत भाषण द्याले."

मग साहू भाभी हळूच मितानिनला म्हणाल्या, "सदमा लगा है बेचारी को."

शेवटी सासूबाईच पुढे आल्या. देवघरात देवांच्या मागे लाल कापडात बांधून ठेवलेला पासपोर्ट त्यांनी आणला, कोणाच्या हाती न देता व्हिसाचं पान उघडून धरला आणि मितानिनला म्हणाल्या, "वाच. पन जोरानं नको वाचू, नजर लागते." मितानिनने वाचलं आणि ती खाली बसून हसायला लागली. पण नियम तो नियम. तपासणीचा रिपोर्ट आल्याशिवाय दारावरचा कागद निघणार नव्हता. पांढऱ्या माणसांनी ह्यांच्या नाकात काडी घातली, ह्यांनी खरीखुरी शिंक दिली, आणि सगळी गल्ली दोन पावलं मागे सरली.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. विमानाला जो रिपोर्ट पाहिजे होता तो हाच, आणि वेळेतला. रायपूरच्या लॅबची चक्कर वाचली. साहेबांनी ह्यांचा भाग ह्यांना परत दिला. (ज्याने तो मधे पाठ केला होता तो म्हणे अजून झोपेत बोलतो.) निघायच्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या फाटकात उभा राहून हात हलवत होता. मी ह्यांच्या हातावर दही ठेवलं. सासूबाईंनी त्या दिवशी गल्लीचीच दृष्ट काढली.

हे भाषण देऊन, बक्षीस घेऊन आले. पण विदेशातून येणाऱ्याने काही दिवस घरातच राहायचं, असाही नियम होता. पुन्हा तीच खोली, तीच खिडकी. मागचा घोळ नको म्हणून या वेळी मी धीर केला. फाटकाफाटकावर स्वतः गेले आणि लांब उभं राहून सांगितलं की हे ठणठणीत आहेत, नुसता नियम म्हणून खोलीत बसले आहेत. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. घरी येऊन मी सासूबाईंना म्हटलं की बोलणं काही एवढं कठीण नसतं.

संध्याकाळी फाटकावर काढ्याच्या तीन बाटल्या लटकत होत्या. साहू भाभी डोळे पुसत भिंतीशी उभ्या होत्या.

"दीदी, पिछली बार तुम चुप थी, तो हम समझे मामूली है," त्या म्हणाल्या. "इस बार तो तुम खुद बोलने आई. सच बताओ, कितना सीरियस है?"